एकजात

वैजयंता साळुंखेला तिच्याच फाटकाने अडवलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि ऊन टाळूवर आलं होतं. फाटकाच्या खांबावरचा दिवा तांबडा झाला आणि यंत्रातून एका बाईचा गोड आवाज आला, "आपल्या अंगावर परका वंश आढळला आहे. कृपया शुद्धीकरण केंद्राशी संपर्क साधा."

वैजयंता म्हणाली, "फाटक माझं, कोंबड्या माझ्या." यंत्राने तेच वाक्य त्याच गोडव्याने पुन्हा ऐकवलं.

झालं होतं इतकंच, की सकाळी येरळेच्या पुलावर तिच्या आईने तिला जवळ घेतलं होतं. दोन हात अंतर ठेवून बोलायचं हा नियम शालनबाईंना पाठ होता. पण लेक महिन्याभराने दिसली आणि त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकले. त्यांच्या लुगड्याला नदीपलीकडच्या शेडची धूळ होती. तेवढी या यंत्राला पुरली. गावात सगळे त्याला हुंग्या म्हणत.

खडकेवाडी येरळेच्या अलीकडे, विट्यापासून थोडी आत. दोन्ही काठांवर अंड्याच्या कोंबड्यांची शेडं, आणि सगळ्यांचं पोट त्यांच्यावर. मागे दोन हिवाळे एकापाठोपाठ साथ आली आणि शेडंच्या शेडं रिकामी झाली. औषधांना न जुमानणारे रोग वाढले म्हणून खाद्यातली प्रतिजैविकं सरकारने त्याआधीच बंद केली होती. करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. त्याच वर्षी सांगाती आणि पालवी बाजारात आले.

कोंबडीच्या प्रतिकारशक्तीचं मोठं ठाणं तिच्या आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तराखाली संरक्षक पेशींचा पहारा असतो, आणि आपलं कोण, परकं कोण, हे त्या पेशींना शिकवण्याचं बरंचसं काम आतड्यात वस्तीला असलेले जिवाणूच करतात. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू याबाबतीत जवळजवळ रिकामं असतं. आईमागे माती उकरत फिरलं तर त्याला हे जिवाणू मिळतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईच नसते, तेव्हा ते बाहेरून द्यावे लागतात. खाद्यापाण्यातून चांगले जिवाणू देण्याची पद्धत जुनीच होती, पण ते आतड्यात फार टिकत नसत. सांगाती आणि पालवी हे मुद्दाम घडवलेले जिवाणू. ते आतड्याला घट्ट धरून राहत, पहाऱ्यावरच्या पेशींना तयार करत आणि रोगाच्या जंतूंना जागाच मिळू देत नसत. हे देऊन वाढवलेल्या शेडांत पुढच्या साथीला पाच-पंचवीस कोंबड्या गेल्या, बाकीच्या उभ्या राहिल्या.

खोट एकच होती. जागा राखण्यासाठी दोन्ही जिवाणू एक प्रथिन सोडत, आणि ते प्रथिन जवळच्या भाऊबंदांनाच सगळ्यात आधी मारत असे. सांगाती वसलेल्या आतड्यात पालवी शिरला की दोघांची जुंपे. त्या झगड्यात आतड्याचं अस्तर सुजे, पहारा मोडे आणि मग साधी सर्दीसुद्धा शेड आडवं करून जाई. म्हणून कंपन्यांनी भाग वाटून घेतले. नदीच्या अलीकडे सांगाती, पलीकडे पालवी. दोन्ही जिवाणूंना त्यांनी एकेका मंद वायूची खूण जोडली होती. ती माणसाच्या श्वासात आणि कपड्यांवरही उतरे, कारण शेडात राबणाऱ्याच्या पोटात धुळीबरोबर तो जिवाणू जायचाच. माणसाला त्याचा त्रास नव्हता. त्रास फक्त फाटकात होता.

वैजयंताची धाकटी बहीण जयमाला नदीपलीकडे आंबेडोहला दिलेली. वडील गेल्यापासून आई दोघींकडे आळीपाळीने राहायची. कंपन्यांची ही वाटणी झाल्यावर दर पाळीला आईला शुद्धीकरण केंद्रात न्यावं लागे. तिथे एक पांढरी भुकटी पाण्यातून पाजत आणि आतडं धुऊन निघेपर्यंत ठेवून घेत. लोक तिला धुवणी म्हणत. तरण्या माणसाला ती दोन दिवस कमोडवर बसवी. शालनबाईंना गेल्या खेपेला सलाइनवर ठेवावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की आता मेले तरी ती भुकटी पिणार नाही. त्या वेळी पाळी आंबेडोहची होती, त्या तिथेच राहिल्या.

वैजयंता कंपनीशी भांडली. मदतकेंद्राला फोन केला की पहिल्यांदा कोंबडीच्या आरवण्याचा आवाज यायचा, आणि कोंबडी आरवत नाही हे त्यांना सांगावं की काय, असं तिला दरवेळी वाटायचं. मग कुणीतरी अतिशय नम्रपणे तिची तक्रार लिहून घ्यायचं आणि पुढच्या फोनला पुन्हा पहिल्यापासून लिहून घ्यायचं. कंपनीचा अधिकारी घरी आला, त्याने चहा घेतला आणि मातोश्रींना एकाच ठिकाणी ठेवणं सगळ्यांच्या हिताचं आहे असं सुचवलं. व्हिडिओवर रोज बोलता येतंच की, असंही म्हणाला. वैजयंताने त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

तिचा नवरा हणमंत शांत डोक्याचा. त्याचं म्हणणं असं की आई तिकडे सुखात आहे, आपल्या कोंबड्या जगतायत, दोन्ही गोष्टी पूर्वी नव्हत्या, मग चिडायचं कशाला. यावर ती आणखी चिडायची.

मार्ग दाखवला तो डॉक्टर निखत मुलाणींनी. त्या विट्याच्या. भागातल्या निम्म्या शेडांना पशुवैद्य म्हणून जायच्या, आणि त्यासाठी त्यांना सतत धुवणी घ्यावी लागायची. त्यामुळे या विषयावर त्यांचं तोंड कडूच असायचं. वैजयंताच्या शेडातल्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, अंडी कमी झाली होती, आता ती बॅच काढून नवी पिल्लं आणायची होती. त्याबद्दल बोलताना डॉक्टर सहज म्हणाल्या, की हे दोघे जिवाणू मुळात एवढे वैरी नाहीत. भांडण होतं ते एकजण आधी वसलेला असतो आणि दुसरा मागून येतो म्हणून. पिल्लाचं आतडं मोकळं असताना, पहिल्याच पाण्यातून दोन्ही गेले, तर प्रथिनाची मात्रा वाढायच्या आत दोघे जागा वाटून घेतात. प्रयोगशाळेत हे दिसलेलं आहे.

"मग सगळ्यांनाच दोन्ही का देत न्हाईत?" वैजयंताने विचारलं.

"दोन्ही दिले तर दोन कंपन्या कशाला हव्यात?" डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी सावधपणे पुढचंही सांगितलं. प्रयोगशाळेतली पिल्लं थोडी होती. हजारो पिल्लांच्या शेडात, थंडीत, साथीत काय होईल ते कुणी पाहिलेलं नाही. करारात मिश्रणाला सक्त मनाई आहे, हमी रद्द होईल. डॉक्टर म्हणून त्या असं काही करायला सांगू शकत नाहीत.

वैजयंताने विचारलं, की पालवीची पाकिटं अलीकडे कुणी विकत नाही, तर तो मिळणार कुठून? डॉक्टर म्हणाल्या, की निरोगी मोठ्या कोंबडीची ताजी विष्ठा पाण्यात कालवून पिल्लांना पाजायची ही फार जुनी युक्ती आहे. मात्र त्या कोंबडीला दुसरा रोग नको. नमुना कुणी आणून दिला तर त्या तपासून देतील, पुढचं त्यांना कळवू नये.

पुलावर हे जयमालाला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग बहीण गंभीर आहे हे दिसल्यावर चिडली. एवढी शिकलीसवरलेली बाई कोंबडीचा गू मागायला पुलावर येते, आणि तोही चोरून. नवऱ्याला काय सांगायचं? जयमालाचा नवरा संग्राम पवार कामाला वाघ आणि स्वभावाने आग. त्याच्या कोंबड्या ऐन अंड्यावर होत्या.

"तुझ्या शेडाला काही होत न्हाई," वैजयंता म्हणाली. "मी फक्त तुझ्याकडचं माझ्याकडं नेणार. माझ्याकडचं तुझ्याकडं काही येत न्हाई. आई माझ्याकडं येऊ शकंल, धुवणी न घेता. एवढंच."

आईला भेटायला पुलावर येऊन येऊन जयमालाही कंटाळली होती, आणि आईची पथ्यं, कुरकूर, अर्ध्या रात्रीचा चहा एकटीने काढून तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. तिने आढेवेढे घेतले आणि आणून दिलं. धर्माच्या कामाला बाहेर पडल्यासारखा दोघींनी डोक्यावर पदर घेतलेला, आणि मध्ये स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू. पुलावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईने "काय डबा वाटतं?" म्हणून विचारलं, तेव्हा वैजयंताने "लोणचं" म्हणून सांगितलं आणि पुढे कितीतरी दिवस तिला लोणचं जाईना.

नमुना शुद्ध निघाला. पिल्लं आली, पिवळ्याजर्द, चिवचिवाटाने शेड भरून. हणमंतला आदल्या दिवशीपर्यंत ही मस्करीच वाटत होती. पाण्याच्या टाकीशी बायकोला सांगातीचं पाकीट आणि डबा दोन्ही घेऊन उभी पाहिल्यावर तो पहिल्यांदा ओरडला. हे शेड दोघांचं आहे, म्हणाला. वैजयंता म्हणाली की आई तिची एकटीची आहे. त्याने बराच वेळ पिल्लांकडे बघितलं, मग ढवळायला काठी आणून दिली. तो बाहेर जाऊन बसला. पाणी तिने एकटीने सोडलं.

पहिले काही दिवस तिने झोपेतसुद्धा पिल्लांचा आवाज ऐकला. आवाज बदलला की पिल्लू आजारी. आवाज बदलला नाही. डॉक्टरांनी येऊन नमुने घेतले, दोन्ही जिवाणू बरोबरीने वसले होते. त्यांनी समाधान दाखवलं नाही, पण गाडीत बसताना वैजयंताच्या हातावर हात ठेवला.

आणि शालनबाई आल्या. हुंग्या तांबडा झाला, गोड आवाजाने बोलला, वैजयंताने फाटक हाताने ढकललं आणि आई तुळशीला हात जोडून घरात आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी भिंतीचा रंग वाईट दिलाय असं सांगितलं.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. कंपनीने हमी काढून घेतली. शहरात अंड्यांवर एकजात, म्हणजे एकाच जिवाणूवर वाढलेल्या कोंबड्यांची, असा शिक्का लागे. तो असेल तरच मोठे व्यापारी माल उचलत. पुढे कोंबड्या अंड्यावर आल्या तेव्हा व्यापाऱ्याने शिक्क्याशिवाय माल घेतला नाही. हणमंतने टेंपो काढून आठवडी बाजार धरले. अंडी खपली, पण पहाटेपासून खपावं लागलं आणि त्याची शांतता पहिल्यासारखी राहिली नाही. याहून जास्त वैजयंताला टोचली ती शेजाऱ्यांची वागणूक. तिच्या घरी आता कुणीही यावं, अलीकडचं, पलीकडचं, कोंबड्यांना काही होणार नव्हतं. पण तिच्याकडून परत जाणारा आपल्या घरी परका जिवाणू घेऊन जाणार. त्यामुळे कुणीच येईना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला निरोप आला, तो येऊ नका म्हणून. वाण दारातल्या दगडावर ठेवून गेले.

शालनबाई म्हणाल्या, "माझ्या आजीच्या वक्ताला असला विटाळ व्हता. लई मरमर करून गेला म्हणं. आता मशीन लावून आणलाय."

वैजयंताने फाटक उघडं केलं होतं, पण ते एकाच दिशेने उघडलं होतं, हे तिच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. जयमालाच्या लक्षात आधी आलं. संक्रांतीच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या तोंडावरच तिने फोन केला होता, की आईला आता इकडे पाठव, पाळी माझी. आईच्या पोटात आता दोन्ही वंश होते. ती आंबेडोहला गेली तर पालवीच्या शेडात सांगाती शिरणार. जायचं तर धुवणी घ्यायची, आणि धुवणी आईला झेपणार नव्हती.

"म्हणजे तू तिला कायमची नेलीस," जयमाला म्हणाली. "आणि तेबी माझ्याच हातनं."

वैजयंताने सांगायचा प्रयत्न केला की तुमची बॅच निघाली की तुम्हीही पहिल्या पाण्यातून दोन्ही द्या, मग दोन्ही घरं मोकळी. जयमालाने विचारलं, संग्रामला हे कोण सांगणार, तू? बाजारात बिनशिक्क्याची अंडी विकायला कोण जाणार, तू? आणि फोन ठेवला. त्या दिवाळीत, आणि दिवाळीनंतरही, आंबेडोहचा फोन आला नाही. वैजयंताने केला तर उचलला जाईना. पुलावर जाण्यात अर्थ नव्हता. आई दिवसातून चारदा विचारी, जयूचा फोन आला का, आणि चारदा वैजयंता खेकसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला शालनबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. विट्याला नेऊन प्लास्टर घातलं. वैजयंताने आंबेडोहला फक्त निरोप धाडला, ये म्हणाली नाही, कारण ये म्हणण्यासारखं ते राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयमाला स्कूटरवरून आली. फाटकात हुंग्या बोलायला लागला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आत आली, आईच्या पायाशी बसली आणि आधी प्लास्टर किती ढिलं घातलंय यावरून थोरल्या बहिणीला बोल लावला. मग केस विंचरून दिले, भात कालवून भरवला. मीठ कमी पडलंय म्हणून आईने दोघींनाही सुनावलं. तीन दिवस राहिली. त्यात बहिणी तीनदा भांडल्या आणि एकदाही मूळ विषयावर नाही.

निघायच्या सकाळी तिने ओसरीवर उभं राहून नवऱ्याला फोन लावला. वैजयंता आत कांदा चिरत होती, तिला इकडचं सगळं ऐकू येत होतं. पलीकडून संग्राम बहुतेक धुवणीचं विचारत असावा.

"घेणार न्हाई," जयमाला म्हणाली. "माझी आई इथं हाय. मी महिन्यातनं दोनदा यायची. दर खेपेला ते विष पिऊन मी काय तुमच्या कोंबडीएवढीबी न्हाई का? मी निघालीया. फाटक उघडायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा."

वैजयंताने धावत बाहेर येऊन तिला थांबवलं. तुमच्या कोंबड्या जातील, ती म्हणाली, बॅच संपेपर्यंत इथे राहा. जयमालाने पदर खोचला. "माझं घर हाय ते, आक्का," एवढंच बोलली आणि स्कूटर काढली.

आंबेडोहच्या शेडात जे झालं ते डॉक्टर मुलाणींकडून कळत गेलं. आधी अंडी घटली. मग कोंबड्या पंख फुगवून कोपऱ्यात बसायला लागल्या, मग मरायला लागल्या. डॉक्टरांनी जमेल ते केलं. शेडातल्या निम्म्या गेल्या. उरलेल्या हळूहळू सावरल्या, दोन्ही वंश पोटात घेऊन. वैजयंता त्या दिवसांत जेवणावर बसे आणि उठून जाई. हणमंतने एकदा म्हटलं की तुला एवढं लागतंय तर केलंस कशाला, आणि तिने ताट सरकवलं. फोन करायची तिची हिंमत नव्हती.

मग एका रविवारी जयमाला आईला भेटायला आली, आणि स्कूटर संग्राम चालवत होता. या घरात तो कित्येक वर्षांत आला नव्हता. फाटकाशी त्याने गाडी लावली, चपला काढल्या, सासूच्या पाया पडला आणि वैजयंताकडे न बघता पाटावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. ओठांवरचं पोसलेलं मिशांचं वैभवही कसंनुसं दिसत होतं.

तिने ताट वाढलं. बोलायला तिनेच सुरुवात केली.

"तुमचं नुकसान झालं, संग्रामराव. ते माझ्यापासनं सुरू झालं, मला ठाऊक हाय."

"ठाऊक असून केलंत."

"केलं."

त्याने भाकरी मोडली, तुकडा हातातच राहिला. निम्मं शेड गेलं, तो म्हणाला, हाताने पुरलं मी. ज्यांना नावानं ओळखत नसतो त्या कोंबड्यासुद्धा पुरताना जड लागतात. वैजयंता ऐकून घेत होती. मग तिला राहवलं नाही.

"फाटक तुम्हीच उघडलंत म्हणं."

"मग काय बायकोला रस्त्यावर उभी करू?" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, आणि आतून शालनबाईंनी जेवताना भांडू नका म्हणून हाक दिली. जयमालाने खाली मान घालून वांग्याची फोड बाजूला केली.

जेवण अर्धं झाल्यावर तो सावकाश बोलला. कंपनीचा माणूस येऊन गेला होता. शेड धुऊन पुन्हा एकजात करून देतो म्हणत होता. संग्रामने अजून हो म्हटलं नव्हतं.

"पुढल्या थंडीत साथ आली आणि या मिसळीच्या कोंबड्या टिकल्या न्हाईत तर?" त्याने विचारलं. "तुमच्याबी, आमच्याबी. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याबी माहीत न्हाई म्हणतात."

"खरंच म्हणतात. कुणालाच माहीत न्हाई."

"मग?"

"मग न्हाई टिकल्या तर न्हाई टिकल्या," वैजयंता वैतागून म्हणाली. "आमटी वाढू का अजून?"

संग्रामने जरा वेळ तिच्याकडे पाहिलं. आमटीत तिखट फार आहे, असं तो म्हणाला, आणि वाटी पुढे केली.